कायमचे परतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन

आमच्या लग्नाच्या स्वागत समारंभातला एकही फोटो असा नाही, ज्यात माझ्या काकांचा चेहरा माझ्या चेहऱ्यापेक्षा मोठा नाही. काका त्या फोटोत उभे नसले तरी. कारण आमच्या मागे फ्लेक्स होता, स्टेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला. त्याच्या उजवीकडे हात जोडलेले काका, डावीकडे हात जोडलेले काका, वरच्या पट्टीत पासपोर्ट आकाराचे तालुक्यातले पुढारी, आणि खाली, जिथे साधारणपणे छापणाऱ्याचा फोन नंबर असतो, तिथे मी. मजकूर असा होता: 'अमेरिकेतील वैभवाला लाथ मारून कायमचे मायभूमीत परतलेले आपल्या गावचे लाडके भूमिपुत्र यांचे हार्दिक अभिनंदन व विवाहानिमित्त शुभेच्छा.'

मी कशालाही लाथ मारलेली नव्हती. मी अमेरिकेत नोकरी करत होतो आणि तिथला नागरिक झालो होतो. लग्न करायला आलो तेव्हा कळलं की बायकोचा व्हिसा व्हायला वर्ष तरी जाईल. मी साहेबाला विचारलं, तेवढे दिवस अमरावतीहून काम करू का? साहेब भला माणूस. म्हणाला, कर, फक्त मीटिंगला वेळेवर येत जा. म्हणून मी थांबलो होतो. कागद झाले की दोघांनी जायचं, एवढाच बेत होता.

पण वलगावच्या पुढचं आमचं गाव बेत पाहत नाही, माणूस पाहतं. आणि माणूस दिसत होता. लग्न झालं तरी दिसत होता, पोळा झाला तरी दिसत होता, दिवाळी झाली तरी गेला नव्हता. म्हणजे काकांचा फ्लेक्स खराच होता, असं सगळ्यांनी धरून चाललं.

तो फ्लेक्स मी का उतरवला नाही, असं कुणालाही वाटेल. उतरवणं शक्य नव्हतं. माझ्या आधी आमच्या घरात कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मी बरे मार्क घेऊन निघालो, तेव्हा बाबांना ॲडमिशन म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. काकांना तरी कुठे होतं? पण ते मला सायकलवर डबलसीट घेऊन अमरावतीला गेले, कॉलेजात दिसेल त्या टेबलासमोर उभे राहिले, दिसेल त्या माणसाला 'सायेब, पोट्टं हुशार आहे' असं सांगत राहिले, आणि त्यातलं एक टेबल बरोबर निघालं. त्या सायकलच्या कॅरिअरवर बसलेला माणूस काकांचा फ्लेक्स उतरवू शकत नाही. फ्लेक्सवर त्यांनी मला चंद्रावरून परतलेला म्हटलं असतं, तरी मी खाली उभा राहून नमस्कार केला असता.

शिवाय ती वर्षं तशी होती, नापिकीची आणि कर्जाची. आमच्या भागात तेव्हा जीप भरभरून माणसं येत: कुणी सर्वेवाले, कुणी वार्ताहर, कुणी दिल्लीचे. प्रत्येकाकडे प्रश्नांची लांबलचक यादी, आणि प्रत्येकाला दुःखी चेहऱ्याचा फोटो हवा. मी लॅपटॉप मांडीवर घेऊन ओट्यावर बसलो, तर एक म्हातारा माझ्यासमोर येऊन बसला आणि न विचारताच पीक, पाणी, बोअर सगळं सांगून मोकळा झाला. मी म्हटलं, "आबा, मी याच गावचा आहो." तो म्हणाला, "मंग आंधी नाई सांगत का बे? फुकटचा बोललो." अशा दिवसांत गावातून सगळे बाहेर जायचं पाहत होते. त्यात एक जण परत आला, ही काकांच्या हाती लागलेली एकुलती चांगली बातमी होती. ते ती छापणारच.

घोळ त्या 'कायमचे' शब्दाने घातला. पहिला झटका सासऱ्यांना बसला.

सासरे अकोल्याचे, वीज खात्यातून निवृत्त झालेले. त्यामुळे त्यांच्यासमोर लोडशेडिंगबद्दल कुणी बोलायचं नाही, असा त्या घराचा नियम. मुलगी देताना त्यांची एकच अट होती: जावई शेतकरी नको. ही अट तेव्हा सगळ्यांचीच होती, स्वतः शेतकरी असलेल्या बापांचीसुद्धा. काळ्याभोर जमिनीचे मालक असलेले, सुपारीही न खाणारे पोट्टे तिशी ओलांडून बसले होते, आणि बँकेतल्या शिपायाला स्थळांची रांग. मी अमेरिकेचा म्हणून सासऱ्यांनी मुलगी दिली, आणि तिसऱ्या दिवशी आमच्या गावात गाडीतून उतरून त्यांनी तो फ्लेक्स वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"जवाईबापू, हे 'कायमचे' म्हंजे किती?"

"मामाजी, ते काकांनी लिहिलं आहे."

"काकांले तुमच्या कंपनीनं कळवलं का?"

"नाही हो. हिचे कागद झाले की आम्ही दोघं जाणार."

"मंग तसं लिवा ना खाली, बारीक अक्षरात."

काका मागेच होते. "सोयरे," ते म्हणाले, "फ्लेक्स हा फ्लेक्स असते. त्याचं काय मनावर घेता?"

सासऱ्यांनी मनावर घेतलं नाही. दुसऱ्या एका माणसाने घेतलं, आणि ते मला बरंच उशिरा कळलं.

अमरावतीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अमेरिकेच्या वेळेने काम असल्यामुळे सकाळी मी झोपलेला असे. सकाळी दहाला झोपलेल्या तरुण नवऱ्याबद्दल शेजारी काय बोलतात, हे बायको मला चहाबरोबर ऐकवी. "समोरच्या काकू विचारत होत्या, यांना कामावरून काढलं का म्हणून. मी म्हटलं, नाही, घरूनच करतात. त्या म्हणाल्या, हाव, आमचेही घरूनच करत होते, मग दारू लागली."

सुट्टीच्या दिवशी आम्ही गावी जायचो. मला बाबांना मदत करायची हौस होती. त्या हौसेपायी मी तणनाशकाचा पंप न धुता त्यातच कीटकनाशक भरलं आणि कपाशीवर मारलं. आठवड्याने पाहतो तर पानं आकसून पंज्यासारखी झालेली. पूर्ण तास, म्हणजे कपाशीची अख्खी ओळ, बाद. बाबा तासाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "चाल, चहा घेऊ."

गुढीपाडव्याला आमच्याकडे बटईचे सौदे होतात. म्हणजे कुणाचं वावर वर्षभर कोण अर्ध्या वाट्याने करणार ते ठरतं. मी शिकायला गेलो तेव्हापासून बाबा अर्धं वावर बटईने देत. त्या पाडव्याला त्यांनी सगळं स्वतःकडे ठेवलं. अंगात जोर आला असेल, असं मला वाटलं. विचारायचं सुचलं नाही.

मग मुंबईला अमेरिकन कॉन्सुलेटमध्ये बायकोची मुलाखत लागली. फाइल मी मोठ्या मायेने लावली होती. व्हिसाच्या वकिलाने सांगितलं होतं, लग्न खरं आहे हे पटायला दोन्ही घरच्या माणसांसोबतचे फोटो जोडा. अकोल्याच्या फोटोंत आम्ही दोघं अक्षता आणि मामा लोकांखाली गाडले गेलो होतो. त्यामानाने स्टेजवरचे फोटो स्वच्छ: मधे आम्ही, दोन्हीकडे नातेवाईक ओळीने, सगळ्यांचे डोळे उघडे. मी ते सगळे लावले. फ्लेक्स मला दिसला नाही. इतके दिवस पाहून तो माझ्या लेखी भिंत झाला होता.

मला आत सोडत नव्हते, म्हणून मी बाहेर फूटपाथवर उभा. ती बाहेर आली ती हातात एक रंगीत कागद घेऊन. चेहऱ्यावरून काही कळेना. लग्नाआधी ती अकोल्याच्या शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे निकाल सांगण्याआधी चेहरा कोरा ठेवायची तिला सवय.

"काय झालं?"

"छान चाललं होतं. तुमचं नाव, गाव, नोकरी, सगळं विचारलं. मग त्या साहेबाने फोटो पाहिले."

"मग?"

"म्हणाला, फार सुंदर फोटो आहेत. हे मागे काय लिहिलं आहे?"

"तू काय सांगितलंस?"

"जे लिहिलं आहे ते."

"सगळं?"

"लाथेसकट."

"अगं, लग्नाच्या शुभेच्छा लिहिल्यात, एवढंच सांगायचं."

"उजवा हात वर करून शपथ घेतली होती मी," ती म्हणाली. "आणि अर्धवट भाषांतराचे मार्क मी स्वतः कापत आले आहे."

मुलाखत घेणाऱ्या साहेबाने मग अगदी सरळ प्रश्न विचारला होता. नवरा अमेरिका सोडून कायमचा इथे आला असेल, तर बाई, तुम्ही तिथे कुणाकडे चाललात? नियमच तसा आहे. बायकोला बोलावणारा माणूस तिथे राहणारा पाहिजे, निदान तिथे परत जाणारा तरी. आणि मी तर माझ्याच हाताने, रंगीत छपाईत, पुढाऱ्यांच्या साक्षीने, उलटा पुरावा जोडला होता. रंगीत कागदावर लिहिलं होतं: तुमचे पती अमेरिकेत राहणार असल्याचे पुरावे पाठवा, तोवर प्रकरण थांबवलं आहे.

त्याच आठवड्यात कंपनीतल्या माझ्या साहेबाचा निरोप आला. वर नवा अधिकारी आला आहे आणि त्याला सगळे लोक ऑफिसात हवे आहेत. या दिवाळीपर्यंत ये, त्यापुढे मला सांभाळता येणार नाही. वकील म्हणाला, उत्तमच झालं. तुम्ही आधी जा, घर भाड्याने घ्या, तोच पुरावा. पत्नी मागाहून येतील.

हे मी अकोल्याला जाऊन सासऱ्यांना सांगितलं. सासूबाईंनी पोह्यांची ताटली माझ्यासमोर ठेवली होती. सासऱ्यांनी ती हाताने थोडी बाजूला सरकवली, मधे काही नको म्हणून.

"वकील म्हणते तुमी आंधी जा."

"हो."

"वकिलानं आपली पोरगी कोनाले देल्ली?"

सासूबाई चहा टाकायला उठल्या.

"आमच्या गल्लीच्या टोकाले पिवळं घर आहे," ते म्हणाले. "त्याईचा जवाई आंधी गेला. कागद चालू आहे म्हने. अजून चालूच आहे. पोरगी गॅलरीत उभी राह्यते."

"बाबा, हे तसे नाहीत," बायको म्हणाली.

"तो बी तसा नोता. त्यानं तं आमच्या पंगतीत वाढलं होतं." मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता, "दोघं संगं जा. नाई जमत तं कोनीच जाऊ नका. मी आता शेतकरी जवाई बी चालवून घेईन."

हे शेवटचं वाक्य म्हणायला त्यांना किती जड गेलं असेल, ते त्या काळातल्या मुलीच्या बापालाच माहीत.

परतताना गाडीत बडनेरा आल्यावर बायको माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मी शाळेचा राजीनामा देऊन बसले आहे. पोरींनी निरोपाचं गाणं म्हटलं, रडल्या. आज रिक्षावाल्याला मी शाळेच्या मागच्या रस्त्याने घ्यायला लावलं. तुम्ही गेलात तर माझा तुमच्यावर विश्वास आहे हो. पण मागच्या रस्त्याने मी किती दिवस फिरू?"

मी ठरवलं की एकटा जाणार नाही. ठरवणं सोपं होतं. त्याने व्हिसा मिळत नाही. कंपनीचं पत्र मागवलं, तिथल्या मित्राकरवी घराचा करार केला. पण त्या फ्लेक्सचं काय करायचं? काकांकडे गेलो.

"त्यात काय," काका म्हणाले. "लावला तसा उतरवू."

"काका, तो केव्हाच उतरला. फोटो तिकडे आहेत."

"मंग दुसरा लावू. निरोप समारंभ. मानूस परत आला तं सत्कार, चालला तं निरोप. त्याले कोन्ता कायदा लागते?"

खरं सांगतो, इंजिनिअरिंग शिकून मला हे सुचलं नव्हतं.

अमरावतीच्या फ्लेक्सवाल्या चाचांकडे आम्ही तिघं गेलो. चाचांचं अर्धं हिंदी आणि अर्धं वऱ्हाडी, गिऱ्हाइकाप्रमाणे बदलणारं. त्यांनी कॉम्प्युटरवर जुना फ्लेक्स उघडला. "पुराना डिझाइन है ना. 'परतलेले' काढतो, 'जाणारे' टाकतो. बाकी सब सेम."

"लाथ काढा," बायको म्हणाली.

"लाथ काढली. काकाजी का फोटो?"

"तो जरासा वाढव," काका म्हणाले.

नवा मजकूर झाला: 'आपल्या गावचे लाडके भूमिपुत्र सपत्नीक कायमचे अमेरिकेस जात असल्याबद्दल भावपूर्ण निरोप.' बायको म्हणाली, "भावपूर्ण नको. श्रद्धांजलीसारखं वाटतं." चाचा म्हणाले, "नहीं बेटा, श्रद्धांजलीत फोटो ब्लॅक अँड व्हाइट असते."

बाबांना सांगायचं राहिलं होतं. ते वावरात होते, विळ्याने धुऱ्यावरचं, म्हणजे बांधावरचं, गवत कापत.

"बाबा, निरोपाचा कार्यक्रम ठेवून राहिलो."

"कोनाचा?"

"माहा. आमी दोघं चाललो."

विळा थांबला नाही. "त्या फ्लेक्सवर तं कायमचे लिवलं होतं."

"ते काकानं लिवलं होतं."

"हाव," बाबा म्हणाले. "मले वाटलं, तुले इचारून लिवलं असन."

तेव्हा मला पाडवा आठवला. अर्धं वावर त्यांनी कुणासाठी ठेवलं होतं ते कळलं. मी तिथेच धुऱ्यावर बसलो. त्यांनी गवताचा भारा बांधला, माझ्या डोक्यावर दिला, आणि आम्ही घरी आलो. वाटेत माझा भारा सुटला. त्यांनी परत बांधून दिला.

निरोप समारंभ दुपारी ठेवला, कारण वीज दुपारीच असे. लोक आले, पण जेवण नाही हे कळल्यावर थोडे नाराज झाले. अकोल्याहून सासरे आले आणि पहिल्या रांगेत बसले. काका बरंच बोलले. परत येणाऱ्याचं कौतुक त्यांनी मागे ज्या शब्दांत केलं होतं, बहुतेक त्याच शब्दांत जाणाऱ्याचं केलं. मग कुणाला काही कळायच्या आत त्यांनी माइक बाबांच्या हातात दिला.

बाबांनी जन्मात माइक धरलेला नव्हता. त्यांनी तो विळ्यासारखा धरला. गावाकडे पाहिलंच नाही. फोटोवाल्याच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून उभे राहिले.

"मी भाषन करत नसतो," ते म्हणाले. "पन हे सगळं सायबाकडे जाते म्हनते, म्हनून बोलतो. सायेब, हा पोरगा आमच्या कामाचा नाई. याले शिकवला आमीच, चूक आमचीच. याले भारा बांधता येत नाई. यानं फवारा मारला तं कपाशीचं आखं तास आकसलं, पाह्याचं असन तं या. बैल याले पाह्यला का जागेवर बसते. हा कायमचा परतला असता, तं मीच याले हाकलला असता. याले घेऊन जा. सूनबाईले बी न्या. एकट्याले नेऊ नका, याले जेवाचं भान राह्यत नाई. बस."

गाव पोट धरून हसलं. मीही हसलो, कारण सगळं खरं होतं. पहिली टाळी सासऱ्यांनी वाजवली. बाबा हसले नाहीत. माइक काकांना देऊन बाहेर गेले, आणि नंतर पाहिलं तर बैलाला पाणी दाखवत होते.

बायकोने त्या भाषणाचं इंग्रजी केलं. अमरावतीच्या खोलीत ती खाली बसून लिहायची, खोडायची. बैलाचं वाक्य पटकन झालं. 'याले शिकवला आमीच, चूक आमचीच' यापाशी अडली. "हे इंग्रजीत तक्रार वाटतं," ती म्हणाली. "तक्रार नाही ना ती."

"मग काय आहे?"

"ते तुम्ही मला सांगा." शेवटी तिने शब्दाला शब्द ठेवला. शपथेची सवय.

कंपनीचं पत्र, घराचा करार, निरोपाचे फोटो आणि बाबांची साक्ष, असं सगळं पाठवलं. यातलं नेमकं काय कामी आलं ते कुणी आम्हाला कळवलं नाही. वकील म्हणतो, घराचा करार. काका म्हणतात, फ्लेक्स. मला विचाराल तर, आपल्या पोराची एवढी बदनामी कुठलाही बाप उगाच इंग्रजीत करून पाठवणार नाही, हे त्या साहेबाला उमगलं असावं. पासपोर्ट दिवाळीच्या आधी आला, आत व्हिसा चिकटवलेला. बायकोने पहिल्यांदा काय केलं, तर अकोल्याला जाऊन शाळेच्या समोरच्या रस्त्याने, फाटकासमोरून, रिक्षा हळू चालवायला लावून गेली.

आम्ही संगं गेलो. सासरे नागपूरच्या विमानतळापर्यंत आले आणि आम्ही दोघं एकाच दारातून आत गेलो हे काचेतून पाहून मगच परतले.

आमच्याकडे फ्लेक्स टाकून देत नाहीत. पहिला बाबांनी गोठ्यावर घातला होता, दुसरा सोयाबीनच्या ढिगावर. पुढच्या पाडव्यानंतर मी फोन केला तेव्हा त्यांनी आधी फ्लेक्सची खबर दिली.

"तुह्या निरोपाचा फाटला. उंदरानं खाल्ला. परतल्याचा चांगला आहे अजून, कापड जाड होतं त्याचं."

"बाबा, वावर बटईनं देल्लं का?"

"देल्लं. गोठ्याजवळचा तुकडा तेवढा ठेवला."

"कोनासाठी?"

"माह्यासाठी," बाबा म्हणाले. "मी कुठी चाललो?"